भट्टीपर्यंत न पोहोचलेल्या बंदुका : दक्षिण आफ्रिकेतलं प्रिन्सलू प्रकरण

जून २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पोलीस दलातल्या क्रिस्तियान प्रिन्सलू या कर्नलला १८ वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा त्याने स्वतःच कबूल केला होता. व्हेरीनिगिंग या गावातलं पोलिसांचं शस्त्रागार त्याच्या ताब्यात होतं. नष्ट करण्यासाठी तिथे आलेल्या बंदुकांपैकी २,००० हून अधिक त्याने बाहेर काढल्या आणि मध्यस्थांमार्फत तेराशे-चौदाशे किलोमीटर दूर केपटाउनच्या टोळ्यांना विकल्या. पुढे तपासयंत्रणेने हिशोब मांडला तेव्हा २०१० ते २०१६ या काळातले १,०६६ खून या बंदुकांशी जुळले. गोळी लागलेल्या लहान मुलांची संख्या होती किमान २६१.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं म्हणून हे प्रकरण संपवता येतं, आणि बहुतेक बातम्यांनी ते तिथेच संपवलं. मला ते अपुरं वाटतं. एका माणसाची नियत फिरली हे खरं, पण त्याला वर्षानुवर्षं कुणी अडवलं नाही याचं कारण त्याच्या नियतीत सापडत नाही. ते शोधायचं तर जप्त केलेली बंदूक पोलीस ठाण्यातून भट्टीपर्यंत कशी जाते, वाटेत ती कोण मोजतं आणि कोण मोजत नाही, हे बघावं लागतं.

बंदुकांचा ढीग कसा साचला

१९९४ मध्ये वर्णभेदाची राजवट संपली तेव्हा देशात शस्त्रांचा सुळसुळाट होता. जुन्या सैन्याची, भूमिगत चळवळींची, शेजारच्या मोझांबिकमधल्या युद्धातून आलेली आणि घरोघरी परवान्यावर घेतलेली अशी सगळ्या तऱ्हेची शस्त्रं होती. २००० मध्ये नवा शस्त्र नियंत्रण कायदा झाला आणि १ जुलै २००४ पासून तो पूर्णपणे लागू झाला. एका माणसाने किती शस्त्रं ठेवायची यावर मर्यादा आली, परवान्याआधी पात्रतेची परीक्षा आली आणि परवान्याचं नूतनीकरण बंधनकारक झालं. ज्यांना हे नको होतं त्यांनी बंदूक पोलिसांकडे जमा करावी अशी अपेक्षा होती. त्यासाठी २००५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये माफीची मुदत देण्यात आली. परवाना नसलेलं शस्त्रसुद्धा त्या मुदतीत आणून दिलं तर बेकायदा बाळगल्याचा खटला होणार नव्हता.

कायद्याचा परिणाम दिसला. पाच मोठ्या शहरांतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासाने २००१ ते २००५ या काळात ४,५०० हून अधिक जीव वाचल्याचा अंदाज काढला. हे यश लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची सगळी शोकांतिका त्याच्याच पोटातून आली आहे. लोकांनी विश्वासाने घरातली शस्त्रं आणून दिली. त्यात निवृत्त माणसांची पिस्तुलं होती, वारलेल्या वडिलांची रिव्हॉल्व्हरं होती, कपाटात पडून असलेली, एकदाही न वापरलेली शस्त्रंही होती. गुन्ह्यांत जप्त झालेल्या बंदुकांत ही भर पडली. पोलिसांची स्वतःची, वापरातून काढलेली शस्त्रंही निकालात काढायची होती. हा सगळा माल शेवटी वितळवण्यासाठी एकाच दिशेने सरकत होता.

म्हणजे प्रिन्सलूसमोर आलेला ढीग भंगाराचा नव्हता. गुंडाकडून जप्त केलेला गंजका कट्टा आणि एखाद्या शिस्तीच्या माणसाने वीस वर्षं तेलपाणी करून जपलेलं पिस्तूल शेजारी शेजारी पडलेलं असायचं. बाजारात यातल्या कशाला किती मोल आहे हे शस्त्रागारातल्या माणसाला एका नजरेत कळतं.

ठाण्यापासून भट्टीपर्यंतची वाट

आपल्याकडे ज्याला मुद्देमाल खोली किंवा मालखाना म्हणतात, तिला दक्षिण आफ्रिकेचे पोलीस ‘एसएपीएस १३’ म्हणतात. मुद्देमालाच्या नोंदवहीचा हा क्रमांक, आणि त्यावरून खोलीलाही तेच नाव पडलं. जप्त किंवा जमा झालेली बंदूक आधी इथे येते. तिच्यावर चिठ्ठी लागते, वहीत मेक, कॅलिबर आणि क्रमांक चढतो. मग ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. तिथे पाण्याच्या टाकीत किंवा तत्सम साधनात तिच्यातून गोळी झाडून बघतात. सुटलेल्या गोळीवरचे ओरखडे आणि पुंगळीवरचा पिनचा ठसा संगणकात साठवतात आणि उकल न झालेल्या गुन्ह्यांत मिळालेल्या पुंगळ्यांशी ताडून पाहतात. जुळलं तर बंदूक पुरावा म्हणून राहते. जुळलं नाही, किंवा खटला आणि अपिलं संपली, की ती सरकारजमा होते. सरकारजमा शस्त्र सहा महिन्यांत नष्ट करावं, असं कायदा सांगतो. ऐतिहासिक मोल असलेली शस्त्रं त्याआधी वेगळी काढण्याची सोय आहे. उरलेली प्रांताच्या साठ्यात गोळा होतात आणि पुरेसा लॉट जमला की पोलादाच्या भट्टीकडे निघतात.

भट्टी ही खरोखर चांगली पद्धत आहे. पोलादाच्या कारखान्यात भंगार वितळवायला विजेवर चालणारी भट्टी असते आणि तिच्यातलं तापमान १,६०० अंशांच्या आसपास जातं. बंदुका भंगाराबरोबर आत पडल्या की तासाभरात नळी, घोडा, स्लाइड यांतलं काही ओळखू येत नाही. कापून टाकायच्या पद्धतीत हा भरवसा नसतो. गॅस कटरने चुकीच्या जागी कापलं तर दोन मोडक्या बंदुकांतून एक चालती बंदूक जुळवता येते. रोडरोलरखाली चिरडलं तरी आतले सुटे भाग शाबूत राहू शकतात. व्हेरीनिगिंग हे वाल नदीकाठचं, पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यातलं गाव. भट्ट्या हाकेच्या अंतरावर होत्या. त्यामुळे देशभरातल्या निकाली शस्त्रांची वाट याच भागातून जाणं स्वाभाविक होतं.

काडतुसांचं गणित वेगळं असतं. जिवंत काडतूस भट्टीत टाकता येत नाही, ते फुटतं. म्हणून वितळवण्याआधी प्रत्येक बंदुकीची नळी, चेंबर आणि मॅगझिन हाताने तपासावं लागतं. काडतुसं वेगळी काढून जाड पोलादी कवचाच्या बंद भट्टीत जाळतात आणि पितळ भंगारात जातं. मोठा दारूगोळा मोकळ्या रानात सुरुंग लावून उडवतात. यात एक मेख आहे. बंदुकीवर तिचा स्वतःचा क्रमांक असतो, काडतुसावर नसतो. काडतुसाच्या बुडावर कंपनीची खूण आणि कॅलिबर असतं, फार तर लॉट किंवा साल असतं. पाचशे काडतुसांच्या पेटीतून पन्नास गेली तर नंतर कुठल्याही प्रयोगशाळेत ती ओळखू येणार नाहीत. बंदुकीची चोरी दहा वर्षांनी पकडता येते. काडतुसांची चोरी मोजणीच्या वेळी पकडली तरच पकडली जाते.

आता या सगळ्या वाटेवर पहारा कुठे आहे ते पाहा. ठाण्यात वही आहे, प्रयोगशाळेत संगणक आहे, न्यायालयात आदेश आहे. बंदूक ‘पुरावा’ असते तोवर तिच्यावर चार जणांचा डोळा असतो, कारण ती हरवली तर खटला पडतो आणि कुणाला तरी जाब द्यावा लागतो. ती निकालात निघाली की तिची गरज कुणालाच उरत नाही. तपास अधिकाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं असतं, सरकारी वकील पुढच्या खटल्याला लागलेला असतो, मूळ मालकाला ती नकोच होती. नष्ट करायच्या यादीवर चढल्यापासून भट्टीत पडेपर्यंत त्या बंदुकीबद्दल विचारणारं कुणीही नसतं. प्रिन्सलूने नेमकी हीच जागा हेरली. जी बंदूक कागदावर नष्ट झालेली आहे ती हरवल्याची तक्रार कोण करणार?

केप फ्लॅट्स

माल जिथे पोहोचला ती जागा समजल्याशिवाय १,०६६ या आकड्याचा अर्थ लागत नाही.

केपटाउनच्या डोंगराच्या आणि समुद्राच्या सुंदर चित्रांत केप फ्लॅट्स कधीच दिसत नाही. शहराच्या आग्नेयेला पसरलेला हा सपाट, वाळूचा, वाऱ्याने झोडपलेला भाग. १९६६ मध्ये शहराच्या मध्यातला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा भाग सरकारने फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि पुढच्या वर्षांत तिथल्या सुमारे ६०,००० माणसांना उचलून या वाळूत आणून टाकलं. शेजार तुटले, आजी एका वस्तीत आणि नातवंडं दुसऱ्या वस्तीत गेली, कामाची जागा दूर राहिली. मॅनेनबर्ग, हॅनोव्हर पार्क, लॅव्हेंडर हिल, बॉन्टेह्यूवेल या वस्त्यांत पोरांच्या टोळ्या वाढल्या त्या याच मातीत. ‘अमेरिकन्स’ आणि ‘हार्ड लिव्हिंग्ज’ ही त्यांतली दोन मोठी नावं.

टोळीयुद्ध तिथे आधीही होतं. पण चाकूने लढणारी टोळी आणि नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाने लढणारी टोळी यांत फरक असा की चाकू ज्याच्यासाठी काढला त्यालाच लागतो. पिस्तुलाची गोळी पत्र्याच्या भिंतीतून आरपार जाते. आत स्वयंपाकघरात अभ्यास करत बसलेली मुलगी, दाराशी उभा असलेला आजोबा, शाळेतून येणारा पोर यांपैकी कुणालाही ती लागू शकते. २६१ मुलांचा आकडा असा तयार होतो. केपटाउनमधल्या खुनांवरच्या एका वैद्यकीय अभ्यासात असं दिसलं की आधी कमी होत आलेले बंदुकीचे बळी २०१० पासून उलट दिशेने, वर्षाला साधारण १३ टक्क्यांनी वाढू लागले. कायद्याने जे कमावलं ते याच काळात हातातून निसटत गेलं. पोलिसांकडून गळालेली शस्त्रं हे त्यामागचं एकमेव कारण नसेल, पण ज्या काळात हा आलेख वळला त्याच काळात प्रिन्सलूच्या बंदुका केपमध्ये उतरत होत्या.

१,०६६ खून जुळले ते ८८८ बंदुकांशी. एका बंदुकीवर एकापेक्षा जास्त खून, कारण टोळीत शस्त्र एकाच्या मालकीचं नसतं. ते हातोहात फिरतं, भाड्यानेही दिलं जातं. आणि हा आकडा फक्त पोलिसांच्या हाती परत आलेल्या बंदुकांचा आहे. जी बंदूक सापडलीच नाही तिने केलेला खून तिच्या नावावर लागणार तरी कसा? शेकडो बंदुका अजून बाहेर आहेत. १,०६६ ही संख्या खालची मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

घासलेला क्रमांक

प्रकरण फुटलं ते केपटाउनच्या बाजूने. डिसेंबर २०१३ मध्ये पश्चिम केपच्या पोलिसांनी ‘प्रोजेक्ट इम्पी’ नावाने तपास सुरू केला. त्यामागे मेजर जनरल जेरेमी व्हिअरी आणि मेजर जनरल पीटर जेकब्स हे दोन अधिकारी होते. व्हिअरी हे वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात रॉबेन बेटावर कैद भोगून आलेले, केप फ्लॅट्सच्या वस्त्या जवळून माहीत असलेले अधिकारी. टोळ्यांकडे शस्त्रं असणं नवं नव्हतं. पण वेगवेगळ्या, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांकडून पकडलेल्या बंदुकांवरचे क्रमांक एकाच पद्धतीने घासून काढलेले होते. म्हणजे यांचा उगम एक असावा.

क्रमांक घासला की पुरावा गेला, असा सर्वसाधारण समज आहे आणि गुन्हेगारांचाही तोच असतो. प्रयोगशाळेत काय होतं ते इथे थांबून बघण्यासारखं आहे. कारखान्यात धातूवर आकडा ठोकला जातो तेव्हा दिसणाऱ्या खाचेखालचा धातूही दाबला जातो. कानशीने खाच जाते, पण खालचा दाबलेला थर राहतो. तंत्रज्ञ आधी ती जागा बारीक पॉलिश पेपरने आरशासारखी गुळगुळीत करतो. मग आम्लात ताम्रक्षार मिसळलेलं द्रावण कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा फिरवतो. दाबलेला धातू आणि मोकळा धातू यांच्यावर आम्लाचा परिणाम सारख्या गतीने होत नाही. काही मिनिटांत चकचकीत पृष्ठभागावर एक अंधूक वळण उमटतं, ते तीन आहे की आठ हे ठरवायला प्रकाश तिरका धरावा लागतो, आणि मग शेजारचा आकडा दिसू लागतो. आधीचा तोवर विरायलाही लागलेला असतो. म्हणून कॅमेरा तयार ठेवावा लागतो. क्वचितच सगळे आकडे एकाच वेळी मिळतात.

असे परत मिळवलेले क्रमांक राष्ट्रीय नोंदींशी ताडल्यावर वाट उलटी चालत गेली. परवानाधारक, मग त्याने ती बंदूक जमा केल्याची नोंद, आणि शेवटी ती नष्ट करण्यासाठी गेल्याची नोंद. जी बंदूक वितळून तिची सळई झाली असायला हवी होती ती खुनाच्या पुराव्याच्या टेबलावर पडलेली होती. धागा गौटेंग प्रांतातल्या व्हेरीनिगिंगच्या शस्त्रागारापर्यंत गेला आणि जानेवारी २०१५ मध्ये प्रिन्सलूला अटक झाली. त्याने कबुलीचा करार केला आणि लाचखोरी, चोरी, संघटित गुन्हेगारी अशा आरोपांवर शिक्षा घेतली. मध्यस्थ म्हणून ज्यांच्यावर आरोप ठेवले गेले त्यांच्या खटल्याचं गाडं मात्र रखडत राहिलं.

इथे एक गोष्ट मला खटकते आणि ती ठळकपणे नोंदवायला हवी. प्रिन्सलूला शिक्षा झाली त्याच जून २०१६ मध्ये व्हिअरी आणि जेकब्स या दोघांना त्यांच्या पदांवरून हलवून खालच्या जबाबदाऱ्या देण्यात आल्या. त्याआधी एकाकडे प्रांताचा गुन्हे तपास होता, दुसऱ्याकडे गुप्तवार्ता. दोघेही कामगार न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने या बदल्या रद्द ठरवल्या. जेकब्स पुढे देशाच्या गुन्हे गुप्तवार्ता विभागाचे प्रमुखही झाले. पण मधल्या काळात इम्पीची गती गेली. एका कर्नलने एकट्याने हे सगळं केलं का, वरचं आणि खालचं कोण कोण गुंतलं होतं, शस्त्रागारं आणखी कुठे फुटली होती, हे प्रश्न ज्या वेळी विचारायचे त्या वेळी विचारणारेच दुसरीकडे पाठवले गेले. आणि २०२० मध्ये, चार वर्षंही पुरी होण्याआधी, प्रिन्सलू पॅरोलवर बाहेर आला.

दोष नेमका कुठे

पहिला दोष साठण्याचा. सहा महिन्यांत नष्ट करा, असं कायदा म्हणत असला तरी लॉट जमेपर्यंत, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत, ऐतिहासिक तपासणी होईपर्यंत माल पडून राहतो. माफीच्या मुदतीनंतर तर हजारो शस्त्रं एकदम येतात आणि यंत्रणा तीच, तितक्याच माणसांची असते. जितके दिवस माल पडून, तितके दिवस तो कुणाच्या तरी हाताशी.

दुसरा दोष जास्त खोल आहे. यादी करणारा, माल सांभाळणारा आणि नष्ट झाल्याचा शेरा मारणारा यांच्यात खऱ्या अर्थाने अंतर नव्हतं. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात हे आपण गृहीत धरतो. इथे मोजणी माल निघताना होत होती, आणि तीही ज्याच्या ताब्यात माल त्याच्याच भरवशावर. खरी मोजणी भट्टीच्या तोंडाशी व्हायला हवी. प्रत्येक बंदुकीचा क्रमांक हातात घेऊन वाचायचा, यादीवर खूण करायची, मग ती आत टाकायची, आणि हे करणारा माणूस शस्त्रागाराचा नसावा. वजनावर किंवा पेट्यांच्या संख्येवर दिलेला नष्टीकरणाचा दाखला काही कामाचा नाही. दोनशे किलो लोखंड म्हणजे दोनशे किलो लोखंड, त्यातली चांगली पिस्तुलं काढून त्या जागी जुने पाइप टाकले तरी काटा तेच वजन दाखवतो.

संयुक्त राष्ट्रांचा बंदुकांविषयीचा करार २००१ मध्ये झाला आणि दक्षिण आफ्रिका त्यात सामील आहे. जप्त शस्त्रं नष्ट करावीत, आणि दुसऱ्या मार्गाने निकालात काढली तर त्यांच्यावर खूण असावी आणि विल्हेवाटीची नोंद राहावी, असं तो सांगतो. नोंद तर व्हेरीनिगिंगलाही होती. नोंद आणि वस्तू यांची गाठ घालून देणारा तिसरा माणूस तिथे नव्हता.

उघड्यावर नष्ट करण्याचा मार्गही जगात वापरला गेला आहे. रिओ डी जानेरोमध्ये २४ जून २००१ रोजी राज्य सरकार आणि ‘व्हिव्हा रिओ’ या संस्थेने पोलिसांच्या गोदामात साचलेली १,००,००० शस्त्रं एका दिवसात, लोकांसमोर, रोलरखाली चिरडली. अशा कार्यक्रमात दिखावा असतोच. तरी गोदाम रिकामं झालं, चोरायला काही उरलं नाही, आणि ते हजारोंच्या डोळ्यांदेखत झालं. दक्षिण आफ्रिकेतही प्रिन्सलू प्रकरणानंतर नष्टीकरणाला मंत्री आणि पोलीस प्रमुख हजर राहू लागले. २०१९ मध्ये व्हेरीनिगिंग परिसरातच ३०,००० च्या आसपास शस्त्रं वितळवली गेली तेव्हा कॅमेरेही होते. कॅमेऱ्याला भट्टी दिसते. भट्टीकडे निघालेल्या ट्रकमधून आदल्या रात्री काय उतरलं ते त्याला दिसत नाही.

आणि २०२१ मध्ये जोहान्सबर्गच्या नॉरवुड पोलीस ठाण्याच्या ‘एसएपीएस १३’ मधून १५८ बंदुका गायब असल्याचं उघड झालं. हा माफीच्या आणखी दोन मुदतींनंतरचा काळ. डिसेंबर २०१९ पासून जानेवारी २०२१ पर्यंत, मध्ये खंड पडून, लोकांना पुन्हा शस्त्रं आणून द्यायला सांगितलं होतं. प्रिन्सलू तुरुंगात गेला म्हणून वाट बंद झाली नव्हती. फक्त ती आता भट्टीजवळ न फुटता उगमाशी, ठाण्याच्या खोलीतच फुटली होती.

हे वाचताना आपल्याकडचे मालखाने डोळ्यांसमोर येणारच. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार हा २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुद्देमालाच्या प्रत्येक अर्जात वकील उद्धृत करतात. पण ते प्रकरण मुळात पोलिसांवरच्याच आरोपांचं होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. ठाण्यातला मुद्देमाल काढून त्या जागी नकली वस्तू ठेवल्याचे, ठाण्यात ठेवलेल्या रकमेचा अपहार केल्याचे ते आरोप होते. मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त काळ ठेवू नये, त्याचे फोटो आणि पंचनामा करून निकाल लावावा, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये हे आता लेखी आलं आहे. वस्तू हजर झाल्यापासून १४ दिवसांत विवरण, फोटो किंवा व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. गाडी किंवा दागिन्यांच्या बाबतीत हे सरळ आहे. कट्ट्याच्या किंवा पिस्तुलाच्या बाबतीत बॅलिस्टिक अहवालाची, म्हणजे गोळी-पुंगळीच्या तपासणीच्या अहवालाची, वाट पाहावी लागते, साक्षीदाराला शस्त्र दाखवावं लागतं, आणि शस्त्र कायद्याखालचा खटला चालतो तोवर मुद्देमाल कारकून दोनदा बदललेला असतो. गावठी कट्ट्यावर तर क्रमांकच नसतो. त्याची ओळख म्हणजे त्याला बांधलेली चिठ्ठी आणि पंचांच्या सह्या, आणि चिठ्ठी सुटली की ओळखही गेली. कलम ४९७ च्या फोटोचा खरा उपयोग इथेच आहे, जर तो फोटो नष्टीकरणाच्या दिवशी पुन्हा बाहेर काढून समोरच्या शस्त्राशी ताडून पाहिला तर.

केपटाउनमध्ये ‘गन फ्री साउथ आफ्रिका’ ही संस्था ज्या कुटुंबांची माणसं या बंदुकांनी मारली किंवा जखमी झाली त्यांच्या वतीने पोलीस मंत्र्यांविरुद्ध सामूहिक दाव्याच्या मागे लागली. त्यांचं म्हणणं सरळ आहे. गोळी टोळीच्या पोराने झाडली हे कबूल. पण ती बंदूक सरकारच्या ताब्यात होती, ती नष्ट करायची जबाबदारी कायद्याने सरकारवर होती, आणि सरकारच्याच अधिकाऱ्याने ती विकली. मग पायातली गोळी अजून न निघालेल्या मुलाच्या उपचारांचा आणि कमावता मुलगा गमावलेल्या आईच्या उपजीविकेचा खर्च सरकारने का उचलू नये? यासाठी प्रत्येक कुटुंबाला आपल्या माणसाला लागलेली गोळी नेमक्या कुठल्या बंदुकीतून सुटली हे दाखवावं लागतं. आणि तो बॅलिस्टिक अहवाल पोलिसांच्याच कपाटात आहे.